कॉलेजात लैंगिक छळ झाला तर: तक्रार, गोपनीयता आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांत व कॉलेजांत शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. उत्तरांना आधार दोन आहेत. एक, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात. दुसरा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१५ चे विनियम; ते २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले. स्टाफरूममध्ये आणि कट्ट्यावर अजूनही ‘विशाखा समिती’ हेच नाव चालतं. ते १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून आलं. कागदोपत्री तिचं नाव ‘अंतर्गत तक्रार समिती’. नाव कुठलंही घ्या, तक्रार जाते ती याच समितीकडे.

तक्रार करावी की नाही या विचारात असलेल्या माणसाला सगळ्यात आधी पडणारा प्रश्न ‘त्याला काय शिक्षा होईल’ हा नसतो. ‘कुणाकुणाला कळेल’ हा असतो. म्हणून या पानावर त्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

नेमकं कशाला लैंगिक छळ म्हणतात?

नको असलेला स्पर्श किंवा अंगचटीला येणं, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील फोटो किंवा व्हिडिओ दाखवणं-पाठवणं, आणि शब्दांतून, नजरेतून, हावभावांतून केलेलं लैंगिक स्वरूपाचं कुठलंही नकोसं वागणं. ‘इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत’, ‘थिसिस वेळेत द्यायचा असेल तर जरा समजून घे’ अशी आडून दिलेली लालूच किंवा धमकीही यात येते.

यातला कळीचा शब्द ‘नकोसं’. समोरचा गमतीत बोलला की मनापासून, यावर गोष्ट ठरत नाही. पूर्वी तुमचं त्या व्यक्तीशी प्रेमाचं नातं होतं म्हणून आज तिचं वागणं चालवून घ्यावं लागतं असंही नाही. एकेकाळी दिलेला होकार पुढच्या सगळ्या काळाला लागू होत नाही.

हे कॅम्पसच्या बाहेर घडलं. मग कॉलेजचा काय संबंध?

संबंध आहे. यूजीसीने ‘कॅम्पस’ची व्याख्या मुद्दाम पसरट केली आहे. वसतिगृह, मेस, ग्रंथालय, पार्किंग आणि कॉलेजची बस त्यात आहेतच. शैक्षणिक सहल, फील्डवर्क, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा आणि सांस्कृतिक महोत्सवही आहेत. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या शाळेत मुक्काम असताना जे घडलं, ते कॅम्पसमध्येच घडलं असं धरलं जातं. छळ करणारा बाहेरचा असेल, म्हणजे पाहुणा व्याख्याता, कंत्राटदाराचा माणूस किंवा इंटर्नशिपच्या कंपनीतला वरिष्ठ, तरी संस्थेला हात झटकता येत नाहीत.

मी मुलगा आहे / मी ट्रान्स विद्यार्थी आहे. माझी तक्रार घेतील?

पॉश कायद्यात तक्रारदार स्त्रीच असते. यूजीसीचे विनियम मात्र संस्थेवर सर्व लिंगांच्या विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांची जबाबदारी टाकतात आणि काही पुरुष विद्यार्थी व तृतीयलिंगी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात हे स्पष्ट मान्य करतात (विनियम ३). एखाद्या कार्यालयात ‘ही फक्त मुलींची समिती आहे’ असं ऐकवलं गेलं तर हा आधार दाखवा आणि लेखी उत्तर मागा.

मला फक्त कुणाशी तरी बोलायचं आहे. बोललं की आपोआप तक्रार होते का?

नाही. समितीच्या सदस्याशी, समुपदेशकाशी किंवा विश्वासातल्या एखाद्या मॅडमशी बोलणं वेगळं आणि सही करून दिलेला अर्ज वेगळा. चौकशी सुरू होते ती लेखी तक्रारीनंतर. त्याआधी मोकळेपणाने विचारा: ‘मी हे सांगितलं तर तुम्हाला पुढे कुणाला कळवावं लागेल का?’ ज्याला नियम माहीत आहेत तो माणूस या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. ‘तू आधी सांग तर, मग बघू’ असं म्हणणाऱ्यापाशी घाईने मन मोकळं करू नका.

याला एक मोठा अपवाद आहे. तो पुढच्याच प्रश्नात आहे आणि आधी माहीत असलेला बरा.

मी अकरावीत / बारावीत आहे, वय १७. माझ्या बाबतीत काय वेगळं?

आपल्याकडे ज्युनिअर आणि सीनियर कॉलेज बहुधा एकाच आवारात भरतं. इथेच घोळ होतो. वय १८ पूर्ण नसेल तर पॉक्सो कायदा (२०१२) लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार, बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक, समुपदेशक, रेक्टर, प्राचार्य, कुणीही यातून सुटत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे १७ वर्षांच्या मुलीला ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असं वचन कुणीही देऊ नये. दिलं तर ते पाळता येत नाही, आणि त्या मुलीचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. एफवायला प्रवेश घेतलेल्यांपैकीही काहींचे १८ पूर्ण झालेले नसतात. आधी जन्मतारीख विचारा.

तक्रार कुणाकडे आणि कशी द्यायची?

समितीच्या अध्यक्षांकडे किंवा कुठल्याही सदस्याकडे, लेखी. भाषा मराठी चालते. इंग्रजीत लिहिलं तरच गंभीर मानतात हा समज चुकीचा आहे. उलट जी भाषा तुमची आहे तीत लिहिलेला तपशील जास्त नेमका उतरतो. लिहिणं जमत नसेल, हात थरथरत असेल, तर अध्यक्षांनी किंवा सदस्याने लिहिण्यात मदत करायची असते. तसं विनियमांतच आहे.

अर्जात काय असावं: तारीख आणि साधारण वेळ, ठिकाण (‘दुसरा मजला, फिजिक्सची डार्क रूम’ इतकं नेमकं), समोरची व्यक्ती काय बोलली आणि तिने काय केलं, त्या वेळी आसपास कोण होतं, त्यानंतर तुम्ही सगळ्यात आधी कुणाला सांगितलं, आणि आत्ता समितीकडून तातडीने काय हवं आहे. बोललेले शब्द आठवत असतील तसेच्या तसे लिहा. शिवी असेल तर शिवीच लिहा. ‘अपशब्द वापरले’, ‘गैरवर्तन केले’ अशा गुळगुळीत वाक्यांनी तक्रार हमखास दुबळी होते, कारण सुनावणीत पहिला प्रश्न तोच येतो: म्हणजे नेमकं काय? तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. ‘सबमिशनच्या आठवड्यात, बहुधा मंगळवारी’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं टिकतं. चुकीची तारीख उलटतपासणीत अंगाशी येते.

केंद्राच्या २०१३ च्या नियमांत अर्जाच्या सहा प्रती, जोडलेल्या कागदांसह आणि साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसह, मागितल्या आहेत. सहा प्रती हाताशी नाहीत म्हणून थांबू नका. एक द्या, बाकी मागून द्या.

आणि पोच घ्या. स्वतःच्या प्रतीवर ‘मिळाले’, तारीख आणि सही. ईमेलने दिली असेल तर पाठवलेला मेल जपून ठेवा. पुढच्या सगळ्या मुदती याच तारखेपासून मोजल्या जातात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते; पोच नसेल तर नव्वदावा दिवस कुठला हे सिद्ध करता येत नाही.

किती दिवसांत तक्रार करावी लागते?

घटनेपासून तीन महिन्यांत. एकामागून एक घटना घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराला सबळ कारण असेल तर समिती लेखी कारण नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. आजारपण, परीक्षा, गाइडची भीती, घरचा दबाव, जे खरं असेल ते अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि ‘विलंब माफ करावा’ अशी स्पष्ट विनंती करा. ती न लिहिल्याने अडलेल्या तक्रारी थोड्या नाहीत.

सहा महिन्यांनंतर ही वाट जवळजवळ बंद होते. कोलकात्यातल्या एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मुदतबाह्यच ठरवली. पोलिसांचा मार्ग मात्र वेगळा आहे. त्याच्या मुदती गुन्ह्याच्या शिक्षेवर ठरतात आणि त्या बऱ्याच मोठ्या आहेत.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला माझं नाव कळतं का? निनावी तक्रार चालेल?

कळतं. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत तिची प्रत त्या व्यक्तीला जाते आणि तिला दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आपल्यावर आरोप कुणाचा आणि काय आहे हे कळल्याशिवाय कुणालाही बचाव करता येत नाही, म्हणून ही पायरी गाळता येत नाही.

निनावी चिठ्ठीवर रीतसर चौकशी होऊन शिक्षा होणं जवळजवळ अशक्य. तरी ती अगदी वाया जाते असं नाही. एकाच लॅबबद्दल, एकाच वसतिगृहाबद्दल चिठ्ठ्या येत असतील तर संस्था दिवे लावू शकते, वेळा बदलू शकते, बंद दाराआडच्या व्हायवा थांबवू शकते. पण नाव न सांगता न्याय मिळेल अशी आशा कुणी दाखवत असेल तर ती खोटी आहे.

मग गोपनीयता म्हणजे नेमकं काय? कुणाकुणाला कळतं?

गोपनीयता म्हणजे कुणालाच न कळणं नव्हे. ज्याला कळल्यावाचून काम होणार नाही त्यालाच, आणि कामापुरतंच कळणं. तर मोजूनच घेऊ.

यूजीसीच्या रचनेनुसार समितीत अध्यक्षा (विद्यापीठात प्रोफेसर, कॉलेजात किमान असोसिएट प्रोफेसर), दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या सामाजिक संस्थेतली एक व्यक्ती असते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे तीन निवडून आलेले विद्यार्थीही येतात. म्हणजे नऊ माणसं. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत घेता येत नाही. या नऊ जणांखेरीज कळतं ते समोरच्या व्यक्तीला, ज्यांना बोलावलं त्या साक्षीदारांना (त्यांच्या साक्षीपुरतं), आणि शेवटी अहवाल ज्यांच्याकडे जातो त्या संस्थाप्रमुखांना. यापलीकडे कुणालाही नाही.

पॉश कायद्याचं कलम १६ सांगतं की तक्रारीतला मजकूर, दोन्ही पक्षांची आणि साक्षीदारांची ओळख व पत्ते, तडजोड, चौकशी, शिफारशी आणि झालेली कारवाई यांतलं काहीही लोकांना, वर्तमानपत्रांना किंवा माध्यमांना कळू द्यायचं नाही. माहिती अधिकारातही ते मिळत नाही. ही बंदी मोडणाऱ्याकडून पाच हजार रुपये दंड वसूल करायची तरतूद नियमांत आहे, शिवाय सेवाशर्तींनुसार कारवाई होते. वार्षिक अहवालात जातात ते फक्त आकडे: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात बातमी फुटते ती साध्यासाध्या जागांतून, आणि त्या जागा बुजवणं हाताबाहेरचं नाही.

आवक नोंदवही. काउंटरवर उघडी पडलेली असते आणि ‘विषय’ या रकान्यात कारकून सवयीने लिहून टाकतो: ‘लैंगिक छळाची तक्रार, कु. अमुक, टीवाय बीएस्सी’. दुपारपर्यंत कॉलेजभर होतं. म्हणून अर्ज बंद लिफाफ्यात द्या, वर ‘अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती, गोपनीय, नाव असलेल्यांनीच उघडावे’ एवढंच लिहा, आणि नोंद ‘बंद लिफाफा, गोपनीय’ अशीच झाली आहे हे डोळ्यांनी बघा.

झेरॉक्सचं दुकान. गेटबाहेरच्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून प्रिंट काढली की ती फाइल त्याच्या संगणकात राहते आणि त्याच संगणकावर तुमचा अख्खा वर्ग असाइनमेंट काढायला येतो. पेन ड्राइव्ह न्या किंवा कॉलेजपासून लांबच्या दुकानात जा. त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे हाताने लिहिणं.

शिपाई. भर तासाला दारात उभा राहून ‘मॅडम, हिला विशाखा समितीत बोलावलंय’. समितीने बोलावणं फोनवर किंवा वैयक्तिक मेलवर करावं, ही मागणी अर्जातच लिहून ठेवा. सुनावणीची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नसावी आणि दोन्ही पक्षांना एकाच बाकावर थांबावं लागू नये, यासाठी वेळेत अर्ध्या तासाचं अंतर पुरतं.

हजेरी. सवलत मिळाल्यावर विषयशिक्षक कारण विचारतात. पत्रात फक्त ‘अधिकृत कारणासाठी उपस्थितीतून सूट’ एवढंच असावं. टर्म ग्रँटच्या यादीत नावापुढे कारणाचा रकाना भरू नये.

सदस्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे तक्रारीचा फोटो पडला की तो कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या घरच्या टॅबवर जातो हे कुणालाच सांगता येत नाही. प्रती क्रमांक घालून कागदावर द्याव्यात आणि बैठक संपली की परत घ्याव्यात. सदस्यांनी हे एवढं पाळलं तरी निम्मी गळती थांबते.

माझ्या मैत्रिणीला, डॉक्टरांना, वकिलाला सांगितलं तर मी नियम मोडला असं होतं का?

नाही. आधार मागण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती जाहीर करण्यावर. इन्स्टाग्रामवर नाव घालून पोस्ट टाकली तर चौकशी बाजूला राहते, साक्षीदारांवर दबाव येतो आणि अब्रुनुकसानीची नोटीस येण्याची शक्यता उभी राहते. राग खरा असतो, तरीही चौकशी चालू असेपर्यंत नाव जाहीर करू नका.

आई-वडिलांना कळवतात का?

१८ पूर्ण असतील तर तुमच्या संमतीशिवाय कळवण्याचं कारण नाही. ‘घरी कळलं तर शिक्षण बंद होईल, लग्नाचं बघतील’ ही भीती किती खरी असते हे गावाकडून शहरात शिकायला आलेल्या मुलींना वेगळं सांगायला नको. काही रेक्टर चांगल्या हेतूने वडिलांना फोन लावतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगी बॅग भरून घरी जाते. तक्रार तिथेच संपते. म्हणून अर्जात एक ओळ घाला: ‘माझ्या लेखी संमतीशिवाय माझ्या कुटुंबीयांशी संपर्क करू नये.’ पत्रव्यवहाराचा पत्ता घरचा देऊ नका. वैयक्तिक ईमेल द्या.

पुरावा कसा जपायचा?

चॅट असेल तर सगळ्यात आधी ‘डिसॲपिअरिंग मेसेजेस’ बंद आहे का ते बघा. स्क्रीनशॉट घेताना वर नुसतं सेव्ह केलेलं नाव नको, नंबर दिसायला हवा. प्रोफाइल उघडून त्याचाही एक शॉट घ्या. तारीख दिसेपर्यंत वर सरकवा. स्वतःची उत्तरं कापू नका. अर्धं संभाषण सादर केलं आणि उरलेलं समोरच्याने आणलं की विश्वास डळमळतो, मग त्या उरलेल्यात काहीही वावगं नसलं तरी. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. पुढे न्यायालयात गेलात तर मूळ हँडसेटला महत्त्व असतं. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून ‘अमुक तारखेचं, अमुक कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवावं’ असा अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

काहीच पुरावा नसेल तर? लैंगिक छळ बहुधा साक्षीदार ठेवून होत नाही. तुमचा सुसंगत जबाब हाच पुरावा असतो. त्याच संध्याकाळी रूममेटला सांगितलेलं, डायरीत लिहिलेलं, अचानक बदललेली बॅच यांनी त्याला बळ मिळतं.

चौकशी चालू असताना त्याच सरांच्या तासाला बसायचं? त्यांच्याच हातात माझे मार्क?

नाही. अर्जातच अंतरिम दिलासा मागा. समितीच्या शिफारशीवरून संस्था तुम्हाला किंवा समोरच्याला दुसऱ्या विभागात हलवू शकते, गाइड बदलून देऊ शकते, हजेरीत सूट किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते, त्या व्यक्तीला तुमचे पेपर तपासण्यापासून आणि मूल्यमापनापासून दूर ठेवू शकते, तुमच्यापासून लांब राहण्याची ताकीद देऊ शकते, आणि धोका स्पष्ट असेल तर कॅम्पसबंदीही करू शकते. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं मोघम मागितलं की मोघमच मिळतं. ‘सहाव्या सत्राच्या व्हायवाला बाह्य आणि दुसरा अंतर्गत परीक्षक नेमावा’ असं मागा.

पीएचडी करणाऱ्यांना एक सावधगिरी: गाइड बदलल्यावर डेटा कुणाचा, अर्धवट शोधनिबंधावर नाव कुणाचं, फेलोशिपच्या कागदांवर सही कुणाची, हे बदलाच्या आदेशातच लिहून घ्या. नाहीतर तक्रार जिंकूनही दोन वर्षं जातात.

सुनावणीत समोरासमोर बसावं लागतं का?

बसावंच लागतं असं नाही. समोरच्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. तो लेखी प्रश्न अध्यक्षांकडे देऊन, पडद्याआडून किंवा वेगळ्या खोलीतून वापरता येतो. वकील कुणालाही आणता येत नाही. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. तुमच्या चारित्र्याबद्दल, कपड्यांबद्दल, जुन्या मित्रांबद्दल प्रश्न आला तर ‘याचा तक्रारीशी संबंध काय, हे नोंदवून घ्या’ असं म्हणा. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. आपण बोललो ते आणि टाइप झालं ते यांत फरक दिसला तर तिथेच हाताने दुरुस्ती करून बाजूला सही करा.

प्रक्रिया नीट व्हावी असं तक्रारदारालाच सगळ्यात जास्त वाटलं पाहिजे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला २००९ मधल्या तक्रारींवरून बडतर्फ केलं गेलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण समितीने शेवटच्या टप्प्यात लागोपाठ सुनावण्या उरकल्या आणि बचावाची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा चौकशीला परत गेलं. समितीने दाखवलेली घाई शेवटी तक्रारदार मुलींनाच भोवते.

चौकशीला किती दिवस लागतात? पुढे काय होतं?

तक्रार मिळाल्यापासून ९० दिवसांत चौकशी पुरी करायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यायचा. अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना मिळते. ती मागायला संकोच करू नका. संस्थेने ३० दिवसांत अंमलबजावणी करायची, आणि शिफारस मान्य नसेल तर लेखी कारण द्यायचं. अपील ३० दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे. पॉशखालच्या महिला कर्मचाऱ्यांना अपिलासाठी ९० दिवस आहेत.

विद्यार्थ्याला होणाऱ्या शिक्षांत वसतिगृह, ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती रोखण्यापासून निलंबन आणि कायमचं काढून टाकण्यापर्यंत सगळं येतं. कर्मचाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठीचा चौकशी अहवाल धरायचा, हे पुण्यातल्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांनी चालवलेल्या याचिकेतून पक्कं झालं. नाहीतर मुलींना तेच सगळं पुन्हा दुसऱ्या चौकशीत सांगत बसावं लागायचं.

‘मिटवून टाक’ म्हणतात. तडजोड करावी का?

समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच. पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. विभागप्रमुखांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून ‘सॉरी म्हण रे’ म्हणणं याला समेट म्हणत नाहीत. समेट नको असेल तर तसं एका ओळीत लिहून द्या.

सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच कारवाई होईल?

पुरावा कमी पडला, एवढ्या कारणाने होत नाही. तक्रार जाणूनबुजून खोटी होती, हे वेगळी चौकशी करून सिद्ध व्हावं लागतं. ‘सिद्ध न झालेली’ आणि ‘खोटी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात त्या एकत्र गुंडाळल्या असतील तर अपिलात हा मुद्दा पहिला घ्या.

पोलिसांत जायचं असेल तर समितीची परवानगी लागते का?

नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात आणि पोलिसांत जायचं असेल तर समितीने मदत करायची असते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे: विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५, चोरून पाहणं किंवा चित्रण ७७, पाठलाग ७८. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो (झिरो एफआयआर) आणि जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर संकेतस्थळावर टाकत नाहीत. बलात्काराच्या गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद). तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतल्या असाल आणि समोरचा नसेल तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं लावायला सांगा. सांगितलं नाही तर ती राहून जातात.

शारीरिक अत्याचार झाला असेल तर आधी सरकारी रुग्णालय गाठा. उपचार मोफत आहेत आणि ते नाकारता येत नाहीत. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पुराव्यासाठीचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. आंघोळ केली असेल तरी जा. कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. ओल धरून नमुने खराब होतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण त्या क्षणी जबाब द्यायचा नसेल तर तशी नोंद करून घेता येते.

तातडीला ११२, महिला मदतीला १८१, फोटो किंवा व्हिडिओ पसरवण्याच्या धमकीला १९३०, मोफत वकिलासाठी १५१०० (स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही), आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. या क्रमांकांवर मराठीत बोलायला संकोच करू नका.

बातमी फुटलीच. आता?

कुठे, कुणाकडून आणि कधी कळलं ते लिहून ठेवा, ग्रुपवरचा स्क्रीनशॉट घ्या आणि कलम १६ चा भंग झाल्याचा वेगळा अर्ज अध्यक्ष आणि संस्थाप्रमुख या दोघांना द्या. सदस्यानेच फोडली असेल तर त्याला या प्रकरणातून बाजूला करण्याची मागणी करा. तक्रार केल्याबद्दल टोमणे, बहिष्कार, मार्क कापणं हा सूड आहे आणि त्यापासून तुम्हाला व साक्षीदारांना वाचवणं ही समितीचीच जबाबदारी. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं तरी नाव झाकून मागता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अशा एका प्रकरणात पक्षकारांची ओळख आदेशांतही येऊ नये यासाठी कार्यपद्धती आखून दिली होती.

तक्रार प्राचार्यांविरुद्ध किंवा कुलगुरूंविरुद्धच असेल तर? किंवा कॉलेजात समितीच नसेल?

संस्थाप्रमुखाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे तिचा पत्ता मिळतो. समितीच नसेल, किंवा फलकावरची नावं तीन वर्षांपूर्वीची असून त्यातल्या दोघी निवृत्त झाल्या असतील, तर संलग्न विद्यापीठाला आणि यूजीसीला लेखी कळवा. समिती न नेमणाऱ्या मालकाला पॉशखाली पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

मी साक्षीदार आहे. माझं नाव बाहेर येईल?

कलम १६ तुम्हालाही लागू आहे. जे पाहिलं, जे ऐकलं तेवढंच सांगा. ‘तो तसलाच आहे’ हे मत झालं. ‘बुधवारी तीनच्या सुमारास ती लॅबमधून रडत बाहेर आली आणि तिने मला हे सांगितलं’ ही साक्ष. समितीने बोलावल्याचं वर्गात कुणाला सांगू नका. आणि ज्या मैत्रिणीसाठी बोलणार आहात तिच्याशी जबाबाची शब्दयोजना जुळवत बसू नका. दोन जबाब शब्दाला शब्द सारखे आले की समितीला शंका येते, आणि खरं सांगणाऱ्या दोघीही अडचणीत येतात.